अक्काच्या ताटातला घास

माणसं वयाबद्दल खोटं बोलतात, पगाराबद्दल बोलतात, पण खाण्याबद्दल जेवढं बोलतात तेवढं कशाबद्दलच बोलत नाहीत, हे महेजबीनला चार वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं. सोलापुरातल्या एका मोठ्या इस्पितळात ती आहारतज्ज्ञ होती आणि डॉक्टर देगावकरांच्या अभ्यासाचं सगळं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. अभ्यास तसा साधा. ज्याचं लिव्हर कामातून गेलं त्याला घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं पुढे काही महिन्यांत भरून येतं. पण देणारे येतात तेच मुळी चरबी साठलेलं लिव्हर घेऊन, आणि असलं लिव्हर कापून दुसऱ्याला लावण्यात अर्थ नसतो. मग अशा लोकांना सहा आठवडे मोजून जेवायला घातलं, रोज तासभर चालवलं, तर चरबी किती उतरते, हे चाळीस जणांवर बघायचं होतं. वजन करणं, डायरी देणं आणि ती डायरी वाचताना न हसणं, हे महेजबीनचं काम.

हसू आवरणं सोपं नव्हतं. टेंभुर्णीचा एक गडी आठवड्याचं सगळं जेवण एसटीत बसून एका दमात लिहून आणायचा. गाडी खड्ड्यातून गेली असेल तिथं अक्षरही उडालेलं दिसायचं. अकलूजच्या एकाने रोजच्या पानावर ‘उसाचा रस घेतला नाही’ असं कुणी न विचारता लिहिलं होतं. त्या दिवसापासून महेजबीनची त्याच्यावर बारीक नजर होती.

वीरभद्रप्पाची डायरी मात्र खरी होती. ती त्याची बायको महानंदा लिहायची, आणि महानंदा ही खोटं लिहिणारी बाई नव्हे. ‘दुपारी एक कडक भाकरी, वाटीभर मुगाची उसळ, काकडी. अजून अर्धी भाकरी मागितली. दिली नाही.’ असा सगळा खडा मामला. चालण्याचा तासही चुकत नव्हता, पायाला बांधलेलं पावलं मोजणारं यंत्रच तसं सांगत होतं. तरी तीन आठवड्यांनी वजन चौऱ्याण्णव किलोंवरून साडेचौऱ्याण्णव झालं आणि एमआरआयमध्ये चरबीचा आकडा सत्तावीस टक्के होता तो सत्तावीसच राहिला. ऑपरेशन करणाऱ्या पुण्याच्या सर्जननी पंधराच्या खाली मागितला होता.

वीरभद्रप्पाची अक्कलकोट रोडवर खानावळ होती. बाजारातून भाजी आणायची, गिऱ्हाईक बघायचं, हे त्याच्याकडे. चुलीपुढचं राज्य त्याच्या थोरल्या बहिणीचं, नीलव्वाचं. सगळी खानावळ तिला अक्का म्हणायची. आई गेली तेव्हा वीरभद्रप्पा तीन वर्षांचा होता आणि अक्का चौदाची. तिनेच त्याला वाढवला. लग्न झालं, पुढे नवरा गेला, पोरबाळ नव्हतं. ती भावाकडे परत आली ती कायमची. दारूचा वाससुद्धा न सोसणाऱ्या या बाईचं लिव्हर सुकत चाललं होतं, कारण तिचं शरीरच तिच्या लिव्हरवर उलटलं होतं. औषधांची मर्यादा संपली होती. बदलल्याशिवाय इलाज नव्हता, आणि फार तर तीन-चार महिने हातात होते. रक्तगट जुळणारा घरात एकच माणूस, तोही साडेचौऱ्याण्णव किलोंचा.

“याला अभ्यासातून काढा,” देगावकर चष्मा पुसत म्हणाले, “आणि घरच्यांना दुसरा दाता बघायला सांगा.”

“दुसरा नाहीये, सर.”

“मग?”

महेजबीनने आठवडाभराची मुदत मागून घेतली. डायरी खरी, चालणं खरं, आणि चरबी जिथल्या तिथं, याचा तिला रागच आला होता. आपल्या हिशेबात न बसणारा माणूस तिला झोपू देत नसे.

पहिला संशय तिने गिऱ्हाइकांवर घेतला. लिव्हर देणार म्हटल्यावर वीरभद्रप्पा अख्ख्या रस्त्यावर देवमाणूस झाला होता. कुणी पेढे आणून द्यायचं, कुणी घरचं तूप. मंगळवेढ्याच्या एका व्यापाऱ्याने तर ‘ताकद राहू द्या मालक’ म्हणून डिंकाच्या लाडवांचा डबाच पाठवला होता. एका दुपारी चारला, खानावळ रिकामी असण्याच्या वेळी, ती न सांगता स्कूटी काढून तिथं जाऊन थडकली. गल्ल्यावर मायाप्पा नावाचा जुना वाढपी पेंगत होता.

“लाडू कोण खातं?” तिने आल्या आल्या विचारलं.

“आमीच की, मॅडम,” मायाप्पा दचकून म्हणाला. “मालक बोट लावत न्हाईत. देवाशप्पत.”

वाढप्याच्या पोटाकडे बघता ते खरंच असावं. महेजबीन तशीच आत स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थांबली.

अक्का स्टुलावर बसली होती. हातपाय काटकुळे, डोळे पिवळे, पोट तेवढं पाण्याने टम्म. मागच्या भिंतीवर महेजबीनच्याच हातचा कागद चिकटवलेला होता: अक्कांनी दर तीन तासांनी काय खायचं, त्याच्या वेळा. असं लिव्हर झालेल्या माणसाने उपाशी राहून चालत नाही. पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचंच मांस खायला घेतं. म्हणून मुगाचं धिरडं, पनीर, दुधातलं सातूचं पीठ असं तिने बजावून बजावून लिहून दिलं होतं. ते सगळं अक्काच्या ताटात होतं, अगदी वेळेवर. आणि ताटासमोर पाटावर मांडी घालून तिचा भाऊ बसला होता. अक्का धिरड्याचा तुकडा मोडत होती, त्यात पनीर दुमडत होती आणि भावाच्या तोंडात घालत होती. एक्केचाळीस वर्षांचा तो अवाढव्य माणूस पाखराच्या पिल्लासारखा तोंड उघडत होता. ताट संपलं. उरलेलं सातूचं दूधही त्यालाच पाजून झालं. अक्काने वाटीत बोट फिरवून ते तेवढं स्वतः चाटलं.

“हे काय चाललंय?” महेजबीनचा आवाज चढला.

महानंदा भांडी घासता घासता वळली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा लवलेश नव्हता. “काय न्हाय, मॅडम. अक्का घास देत्यात. पयल्यापास्नं देत्यात.”

“मग डायरीत का नाही लिहिलं?”

“घास हाय की त्यो,” महानंदा म्हणाली. “त्यो जेवणात कसा धरायचा?”

आणि तिचं म्हणणं त्या घरापुरतं बरोबर होतं. थोरल्याच्या ताटातला घास तिथं कुणी नाकारत नसे आणि कुणी मोजतही नसे. देवळातला अंगारा कपाळाला लावला म्हणून कुणी वहीत लिहितं का, तसलंच हे. महेजबीनने मनातल्या मनात आकडे मांडले. दिवसातून पाच वेळा हे ताट, म्हणजे धडधाकट माणसाच्या दोन जेवणांचा ऐवज. महानंदा इकडे अर्धी भाकरी हिसकावून घेत होती आणि अक्का तिकडून पाच ताटं भरवत होती.

तेवढ्यात दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात आली. तिने पिशवीतून टेप काढली आणि अक्काच्या दंडाला लावली. महिन्यापूर्वी बावीस सेंटिमीटर होता, आज साडेएकोणीस. वजन मात्र प्रत्येक तपासणीला तेवढंच भरत होतं, त्यावर महेजबीन खूशही झाली होती. अंगावरचं मांस जात होतं आणि पोटात पाणी भरत होतं; काट्याला दोन्ही सारखंच. हे तिने दहा नर्सना शिकवलं होतं आणि स्वतः मात्र महिनाभर टेप बाहेर काढली नव्हती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“तुम्ही दोघं जरा बाहेर थांबता का?” ती म्हणाली. वीरभद्रप्पा तोंड पुसत, कुणाकडे न बघता निघून गेला. महानंदाही गेली.

महेजबीन त्याच पाटावर बसली. तिची सगळी चीड आता समजावण्यात उतरली होती. तिने अक्काला सगळं पहिल्यापासून सांगितलं. लिव्हर देणाऱ्याला ताकद लागते म्हणून खाऊ घालायचं नसतं. त्याच्या लिव्हरात चरबी आहे, ती उतरली नाही तर ऑपरेशन होणार नाही. तुम्ही तुमचं ताट त्याला देता म्हणजे दोन्हीकडून तुमचंच नुकसान. माया कळते मला अक्का, पण ही माया तुमच्या जिवावर उठलीय.

अक्काने शांतपणे ऐकून घेतलं. मग पदराने हात पुसले.

“तुमी पयल्या दिवशी सांगितलंत की हे,” ती म्हणाली. “चरबी असली तर कापत न्हाईत म्हणून. मी तितंच बसले हुते. बहिरी न्हाय मी.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम...”

“व्हय.”

बाहेर मायाप्पा कुठलंसं भांडं सरकवत होता. महेजबीन वेड्यासारखी त्या पिवळ्या डोळ्यांकडे बघत राहिली. चार वर्षं ती खोटं पकडत आली होती, आणि ही बाई तिनेच लिहून दिलेल्या कागदावर, तिनेच ठरवून दिलेल्या वेळांना, तिचा अभ्यास हाणून पाडत होती.

“त्यो भितो, बाई,” अक्का म्हणाली. “लहानपणी गावात सुई टोचणारा आला की कणगीमागं जाऊन बसायचा. अजून तसाच हाय. तुमी त्येला ‘देतो का’ इचारलं, समदे बघत हुते, बायको बघत हुती, मी बघत हुते. काय म्हणंल? ‘देतो’ म्हणाला. त्या दिवशी घरी येऊन न्हाणीत नळ सोडून रडला. त्येला वाटलं कुणाला ऐकू गेलं न्हाय. त्येला ‘न्हाय’ म्हणता येईना, आन मला त्येला ‘देऊ नको’ म्हणता येईना. तसं म्हटलं तर हट्टालाच पेटंल. मग म्हटलं, चरबी हायच की आयती. असू दे.”

“आणि तुमचं काय?”

“माझं काय? बावन्न सालं झाली. लई झाली.” अक्का महेजबीनच्या हाताला हात लावून म्हणाली, “तुमी लिवा, जमलं न्हाय म्हणून. कुणाचा दोष न्हाय, कुणाला लाज न्हाय. आन त्येला ह्यातलं सांगू नका.”

महेजबीनने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती तशीच उठून आली. घरी जाताना तिला रडू येत होतं आणि तितकाच रागही येत होता, अक्काचा, त्या भावाचा आणि सगळ्यात जास्त त्या चाळीस माणसांच्या अभ्यासाचा, ज्यात चरबीच्या कारणांसाठी रकाने होते आणि असल्या कारणासाठी एकही नव्हता.

इस्पितळाचा एक नियम मात्र होता. दात्याला एकदा तरी एकट्याला बसवून विचारायचं. वीरभद्रप्पाच्या बाबतीत तो नियम घाईगर्दीत पाळला गेला होता, म्हणजे खोलीत तो एकटा होता पण दार उघडं होतं आणि दारात महानंदा उभी होती. शुक्रवारी महेजबीनने त्याला परत बोलावलं. अक्का सोबत आली होती, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. या वेळी दार बंद केलं.

“वीरभद्रप्पा, नको म्हणायचं असेल तर म्हणता येतं,” ती म्हणाली. “अगदी शेवटच्या दिवसापर्यंत म्हणता येतं. आम्ही कागदावर एवढंच लिहितो की दाता योग्य नाही. का, ते घरच्यांनाही सांगत नाही.”

“छ्या, मॅडम! काय बोलताय? अक्कासाठी जीव दीन मी.”

“जीव मागत नाहीये कुणी. लिव्हरचा तुकडा मागतोय. तो द्यायचाय का?”

त्याने टेबलावरचा काचेचा पेपरवेट फिरवला. मग परत फिरवला. मोठ्या माणसाचा चेहरा असा हळूहळू उतरताना बघणं बरं नसतं. महेजबीनने मान वळवून खिडकीकडे बघितलं. अक्का जगावी असं तिला मनापासून वाटत होतं, आणि ते तोंडातून निघू नये म्हणून तिने दात घट्ट आवळून धरले होते. तिचं मत इथं कुणी मागितलं नव्हतं.

“तसं लिवलं,” तो अखेर खालच्या आवाजात म्हणाला, “तर अक्काला कळणार न्हाय ना?”

महेजबीनला खोटं पकडता यायचं. बोलता येत नसे. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

वीरभद्रप्पाचे कान लाल झाले.

“तिला ठावं हाय?”

तिने समोरच्या फायलीकडे नजर वळवली.

“म्हंजी... त्यो घास...” त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मला वाटायचं, मीच चोरून खातोय. रोज म्हणायचो, उद्या न्हाय म्हणीन. अक्काचा घास हाय, कसं न्हाय म्हणायचं, असं सोताला सांगायचो. मला ठावं हुतं मी का खातोय. आन तिलाबी ठावं हुतं?”

आणि तो रडायला लागला. नळ सोडायची सोय नव्हती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. महेजबीनने पाण्याचा पेला पुढे सरकवला. दहा मिनिटांनी तो उठला, तोंडावरून हात फिरवला आणि सरळ बाहेर बाकाकडे गेला. दार उघडंच राहिलं.

“अक्का,” तो तिच्यापुढे उभा राहून म्हणाला, “मी भितो.”

बाकावरची माणसं बघायला लागली. अक्का म्हणाली, “हळू बोल की तम्मा.” धाकट्या भावाला ती कानडीत तशी हाक मारायची.

“न्हाय. लई दिस हळू बोललो. मी भितो. पोट फाडणार म्हटलं की माजे पाय गळत्यात. पण घरी आलो आन तू न्हाईस, चूल इझलीया, त्येला मी ह्याच्याहून लई भितो. कळलं का? आता मला घास देऊ नको. माज्यापुढं बसून तुजं तू खा.”

“उगा हट्टाला पेटू नको.”

“मग तूबी पेटू नको,” तो म्हणाला.

असल्या वादात पडायला शहाणा माणूस तयार होत नाही. महेजबीनने हळूच दार लोटून घेतलं.

देगावकरांनी ऐकून घेतलं आणि पाच आठवडे दिले. अभ्यासातून मात्र वीरभद्रप्पाला काढावंच लागलं, कारण पहिल्या तीन आठवड्यांचा त्याचा हिशेबच खोटा ठरला होता. चाळिसाव्या माणसासाठी महेजबीनला नव्याने शोधाशोध करावी लागली. त्या घरात मग पाच आठवडे जे चाललं त्याला युद्ध हाच शब्द. अक्का ताट पुढ्यात घेऊन बसायची आणि भाऊ समोर हाताची घडी घालून तिचा एकेक घास मोजायचा. ती तोंड फिरवायची, तो उठायचा नाही. खानावळीत गिऱ्हाईक खोळंबायचं, मायाप्पा कुणाची भाकरी कुणाला वाढायचा, महानंदा दोघांनाही फैलावर घ्यायची. पहाटे तो चालायला जायचा आणि परतताना, तिने कालचं सातूचं दूध खरंच प्यायलं का ओतून दिलं, हे मोरीत बघून यायचा. भीती काही गेली नव्हती. इंजेक्शनची सुई दिसली की तो अजून डोळे मिटायचा, पण आता ते सगळ्यांसमोर मिटायचा.

शेवटच्या एमआरआयच्या दिवशी दोघं बाकावर शेजारी बसली होती. त्याचं वजन पंच्याऐंशी झालं होतं आणि सदरा अंगावर उसना घेतल्यासारखा दिसत होता. अक्काचा दंड एकवीसवर आला होता. महेजबीनने या वेळी टेप दोनदा लावून बघितली. मग ती रिपोर्ट घेऊन बाहेर आली.

“चौदा,” ती म्हणाली. “सर्जन चालेल म्हणालेत. पुढच्या मंगळवारी पुण्याला दाखल व्हायचंय, दोघांनीही.”

वीरभद्रप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. तो हसलाही, आणि दोन्ही एकाच वेळी झालं. अक्का आपल्या काटकुळ्या हातांकडे बघत बसली. महेजबीनला वाटलं, ऐकू गेलं नसावं, म्हणून तिने वाकून परत सांगितलं.

“ऐकलं की,” अक्का म्हणाली. तिच्या पिवळ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आवाज मात्र वैतागलेला होता. “म्हंजी आता मला जगावंच लागणार.”

“लागणारच,” महेजबीन म्हणाली.

“मग साडेअकरा वाजले न्हवं?” अक्का भावाला म्हणाली. “माजा डबा काढ की. कवाची भूक लागलीया.”